बाईंची निळी कॅप्सूल, शेंगांची चटणी आणि सकाळची थायरॉइडची गोळी : एक प्रकरण अभ्यास

मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण ज्यांचं आहे त्या एका मराठी शाळेत शिक्षिका आहेत. शाळेत मुलं त्यांना बाई म्हणतात, मीही बाईच म्हणते. लिहायला त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. गेल्या काही वर्षांत वजनाच्या गोळ्या घेऊन माझ्याकडे आलेली बरीच माणसं मी पाहिली, पण गोळी, ताट आणि घड्याळ यांचा एकमेकांशी किती घट्ट संबंध असतो हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच प्रकरणात दिसलं नव्हतं.

बाई आल्या त्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. वय ४४, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७२.८ किलो, कंबर ९५ सेंटिमीटर. नऊ वर्षांपासून थायरॉइड कमी, त्यासाठी रोज ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन. वडिलांना मधुमेह, आणि बाईंचं स्वतःचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ३० च्या जवळ. युरोपीय मापाने हा लठ्ठपणाच्या काठावरचा आकडा झाला, पण भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा २५ वर आणि बायकांच्या कंबरेची रेषा ८० सेंटिमीटरवर धरतात. त्यामागचं कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवून दिलं : दिसायला बारीक असलेल्या आपल्या माणसांच्या अंगातही चरबीचं प्रमाण जास्त असतं. बाई तर दिसायलाही बारीक नव्हत्या. वजन कमी करण्याची त्यांची इच्छा अगदी योग्य होती, हे मी त्यांना आधी सांगितलं. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना हे वाक्य क्वचित ऐकायला मिळतं. "या वयात होतंच" किंवा "तोंडावर ताबा ठेवा", एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं.

दिवाळीत बाईंची धाकटी बहीण अमेरिकेहून आली होती. येताना तिने ऑर्लिस्टॅट या वजन कमी करायच्या औषधाच्या सहा बाटल्या आणल्या, प्रत्येकीत ६० मिलिग्रॅमच्या ९० निळसर कॅप्सूल. हे औषध १२० मिलिग्रॅमच्या मात्रेत १९९९ पासून अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. २००७ मध्ये त्याच्या निम्म्या मात्रेला तिथे चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी मिळाली. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं औषध आहे. बाईंनी मात्र ते औषध म्हणून कधी पाहिलंच नाही. "तिकडं दुकानात साबण-शाम्पूच्या शेजारच्या फळीवर असतं म्हणाली ती. मग मी डॉक्टरांना काय सांगायचं?" हे त्यांनी इतक्या सहजपणे विचारलं की मला त्यांचा राग आला नाही. फळीवरची जागा बघून माणूस ठरवतो की ही वस्तू किती गंभीर आहे.

भाऊबीज झाल्यावर त्यांनी सुरुवात केली. नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण, प्रत्येकाबरोबर एक. सोबत 'हेल्दी डाएट'. वजन तेव्हा ७४ किलो होतं. दहा आठवड्यांत १.२ किलो उतरलं. त्याच काळात थकवा वाढला, केस गळायला लागले, सकाळी उठवेना. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जे झालं ते सांगताना त्या खाली बघत होत्या. शेजारच्या घरी दोन शेंगापोळ्या तुपासोबत खाल्ल्या होत्या, कॅप्सूल पर्समध्ये होती, तीही घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात उभ्या असताना कळलं की कपड्याला तेल लागलंय. पोटात कळ नाही, सूचना नाही. त्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या घरी गेल्या आणि पुढचे चार दिवस शाळेत गेल्या नाहीत.

हा आजार नव्हता. औषध आपलं काम नेमकं करत होतं, आणि तेच त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आपण खाल्लेलं तेल-तूप जसंच्या तसं रक्तात जात नाही. लायपेज नावाचं विकर आधी त्याचे तुकडे करतं, मग ते शोषलं जातं. ऑर्लिस्टॅट जठरात आणि आतड्यात या लायपेजला अडकवून ठेवतं. ६० मिलिग्रॅमच्या मात्रेने जेवणातली साधारण पाव हिस्सा स्निग्धता न पचता पुढे सरकते आणि शौचावाटे बाहेर पडते. भूक कमी होत नाही, साखरेवर परिणाम नाही, 'मेटाबॉलिझम' वाढत नाही. जेवणात तेल थोडं असेल तर थोडं बाहेर पडतं, कुणाला कळतही नाही. दोन शेंगापोळ्या आणि वर तूप असेल तर ते असं कळतं. म्हणूनच या औषधाबरोबर सांगितलेलं असतं की दिवसाच्या कॅलरींपैकी ३० टक्क्यांपेक्षा जास्त स्निग्धतेतून येऊ नयेत, आणि ती तिन्ही जेवणांत वाटलेली असावी.

मग बाईंचं 'हेल्दी डाएट' काय होतं? मी ते लिहून मागितलं. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथीची भाजी, कोशिंबीर, घरचं दही, सकाळी भिजवलेले बदाम, रात्री हळद घातलेलं दूध. वडापाव नाही, बेकरी नाही, बिस्किट नाही. कागदावर बघितलं तर कुणीही शाबासकी देईल. पण कागदावर पदार्थांची नावं होती, मापं नव्हती. त्यामुळे मी ताटाऐवजी किराण्याची यादी मागितली. आहाराची डायरी माणूस नकळत सुधारून लिहितो, किराणा दुकानाची वही तसं करत नाही.

घरात माणसं चार. महिन्याला तेल पाच लिटर. म्हणजे माणशी दिवसाला ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींचं जे आदर्श ताट सुचवलंय त्यात तेल-तूप २७ ग्रॅम आहे, आणि बाईंना २००० कॅलरींची गरजही नव्हती. शेंगदाणे महिन्याला तीन किलो, म्हणजे माणशी रोज २५ ग्रॅम. आता सोलापूरच्या स्वयंपाकघरात दाणे ही मोजायची वस्तू नाही. उसळीत कूट, मेथीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि भाकरीबरोबर सासूबाईंनी उखळात कुटलेली शेंगांची चटणी. ती इतकी तेलकट सुटेपर्यंत कुटतात की बोटाला तेल लागतं. तेच तर तिचं वैभव. पण १०० ग्रॅम दाण्यांत ४० ते ५० ग्रॅम तेल असतं, म्हणजे रोजच्या २५ ग्रॅमांत ११ ग्रॅमांच्या आसपास. दूध म्हशीचं, सायीसकट, एक पेला म्हणजे आणखी सोळा ग्रॅम. बदामांतून पाच-सहा ग्रॅम. बेरीज सत्तरच्या घरात गेली.

बाईंनी बेरीज दोनदा तपासली. गणित शिकवतात त्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी चुकीचं खात होते?"

चुकीचं नव्हतं. दाणे, ज्वारी, उसळ हे चांगलंच अन्न आहे आणि मी आजवर कुणाला शेंगांची चटणी सोडायला सांगितलेली नाही. पण चांगलं अन्न आणि कमी स्निग्धतेचं अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही कॅप्सूल फक्त दुसरीबरोबर नीट जमते. पुढचं गणित त्यांनी स्वतः केलं. ७० ग्रॅमांचा पाव हिस्सा साडेसतरा ग्रॅम. एका ग्रॅमात ९ कॅलरी, म्हणजे दिवसाला दीडशेच्या आसपास कॅलरी शरीरात गेल्या नाहीत. ७० दिवसांत साडेदहा हजार. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. उत्तर सव्वा-दीड किलोच्या दरम्यान येतं. काट्यावर १.२ आलं होतं. इतकं जुळायला नको खरं तर, शरीर काही वही नाही. पण त्यातून एक गोष्ट त्यांना लख्ख कळली : दहा आठवड्यांत जे काही उतरलं ते कॅप्सूलने बाहेर टाकलेल्या तेलाचं होतं, आहाराने स्वतःचा वाटा उचललाच नव्हता. चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या या मात्रेबद्दल उत्पादकाचंच म्हणणं आहे की आहाराने पाच पौंड उतरले तर ती त्यात दोन-तीन पौंडांची भर घालते. भर घालायला आधी मूळ रक्कम लागते.

इथवर हे नेहमीचंच प्रकरण होतं. मग बाईंनी पर्समधून रक्ताचे रिपोर्ट काढले.

टीएसएच ११.८. थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो. ऑगस्टमध्ये ते ३.१ होतं. पाच महिन्यांत एवढी उडी? दोन दिवसांपूर्वीच त्यांच्या डॉक्टरांनी हे पाहून थायरॉक्सिन ७५ वरून १०० मायक्रोग्रॅम केलं होतं. नवी बाटली घेतली होती, अजून उघडली नव्हती. डॉक्टरांच्या बाजूने बघितलं तर निर्णय बरोबर होता. समोर रिपोर्ट आहे, थकवा आहे, गळणारे केस आहेत, गोळी चुकत नाही असं रुग्ण सांगतोय, मग मात्रा वाढवायची. त्यांच्यासमोर नव्हती ती फक्त निळी बाटली.

मी बाईंना सकाळ मिनिटामिनिटाने सांगायला लावली. सव्वासहाला थायरॉक्सिन. पावणेसातला पोहे आणि त्याबरोबर ऑर्लिस्टॅट. सातला घराबाहेर. थायरॉक्सिन हे नाजूक औषध आहे, उपाशीपोटी घेतलं तरी त्याचा काही भागच शोषला जातो. ऑर्लिस्टॅट त्याच्या शोषणात अडथळा आणू शकतं, म्हणून दोन्हींमध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवायचं असतं. बाईंनी अर्धा तास ठेवला होता, रोज, दहा आठवडे. म्हणजे वजन उतरवायला घेतलेली कॅप्सूल थायरॉइडची गोळी निकामी करत होती, आणि थायरॉइड कमी झाला की शरीर सुस्तावतं, पाणी धरतं, वजन उतरायला तयार होत नाही. आणि थायरॉइडचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा असं बाटलीवर छापलेलं होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. बाई इंग्रजी वाचतात. पण बहिणीने प्रेमाने आणलेल्या वस्तूचं लेबल कोण वाचतं?

मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. औषधाची मात्रा ठरवणं माझं काम नाही, आणि आहारतज्ज्ञाने ती रेषा ओलांडू नये असं मला फार मनापासून वाटतं. पण माझ्याकडे जी माहिती होती ती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि १०० ची बाटली उघडू नका असं सांगितलं. त्याचं कारणही त्यांनी बाईंना फोनवरच समजावलं : आत्ता मात्रा वाढवली असती आणि उद्या कॅप्सूल बंद झाली असती, तर वाढीव मात्रा पूर्णपणे अंगात गेली असती. मग छातीत धडधड, झोप उडणं, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या हाडांचीही झीज. आधी वेळ दुरुस्त करायची आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी, असं ठरलं.

वेळ दुरुस्त करणं ऐकायला सोपं वाटतं. आम्ही तिघांनी त्यावर बराच वेळ घालवला, कारण तिढा दोन औषधांचा नव्हता, तीन औषधांचा होता. ऑर्लिस्टॅट तेलाबरोबर तेलात विरघळणारी जीवनसत्त्वंही बाहेर नेतं, अ, ड, ई आणि के. म्हणून ते घेणाऱ्याने रोज मल्टिव्हिटॅमिन घ्यायचं, तेही कॅप्सूलपासून किमान दोन तास दूर, शक्यतो झोपताना. बाई ते घेतच नव्हत्या आणि त्यांचं ड जीवनसत्त्व आधीच कमी होतं. आता थायरॉक्सिन रात्री झोपताना हलवावं असा एक विचार आला, पण मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह आणि कॅल्शियमही थायरॉक्सिनला अडवतं. शिवाय रात्री साडेआठला जेवणाबरोबर कॅप्सूल आणि साडेदहाला थायरॉक्सिन म्हणजे चार तास होतच नाहीत. शेवटी सुटलं ते नाश्त्यामुळे. सकाळची कॅप्सूलच काढून टाकायची. तेल कमी असलेल्या जेवणाबरोबर तिचा उपयोग नसतो, जेवण चुकलं तर ती घ्यायचीही नसते. दिवसाला तीन ही वरची मर्यादा आहे, तीन घेतल्याच पाहिजेत असं नाही. मी नाश्ता जवळपास बिनतेलाचा केला : ज्वारीची आंबील आणि एक उकडलेलं अंडं, कधी मोड आलेले मूग वाफवून. पहाटे थायरॉक्सिन, दुपारी एकला आणि रात्री जेवताना कॅप्सूल, झोपताना मल्टिव्हिटॅमिन. गुरुवारच्या उपासाला बाई फळांबरोबरही कॅप्सूल घेत होत्या, ती बंद.

मुतखडा झाला होता का, हेही मी विचारलं. आतड्यात न पचलेलं तेल कॅल्शियमला धरून ठेवतं, मग अन्नातला ऑक्झलेट नावाचा घटक मोकळा राहून जास्त शोषला जातो आणि मूत्रपिंडात साचू शकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, कमी पाणी पिणाऱ्या शिक्षिकेला हा धोका मला किरकोळ वाटत नाही. बाईंना कधी त्रास झाला नव्हता. तरी बाटलीभर पाणी वर्गात टेबलावर ठेवायचं ठरलं. काविळीची लक्षणंही सांगून ठेवली, कारण यकृताला गंभीर इजा झाल्याच्या क्वचित घटनांनंतर २०१० मध्ये अमेरिकेत या औषधाच्या लेबलवर तशी सूचना आली.

आणखी काय काय घेतलंय असं विचारल्यावर कळलं की मागच्या उन्हाळ्यात दोन महिने गार्सिनियाच्या गोळ्या झाल्या होत्या, गल्लीतल्या मेडिकलमधून. "आमसुलासारखंच असतं ना ते? मग काय अपाय होणार?" गार्सिनिया कंबोजिया आपल्या कोकमाच्या कुळातलं झाड आहे हे खरं. पण आमटीतली चार आमसुलं आणि अर्क काढून भरलेली गोळी यांत फरक आहे, आणि गार्सिनिया असलेल्या उत्पादनांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे त्याची रीतसर चाचणी झाली. गोळी घेणाऱ्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं, खोटी गोळी घेणाऱ्यांचं ४.१. दोन्ही गटांना कमी कॅलरींचा, भरपूर चोथ्याचा आहार दिला होता. वजन त्या आहाराने उतरवलं होतं. मी हे आकडे जवळजवळ प्रत्येकाला सांगते. 'शंभर टक्के हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या-गोळ्या तर मी आणायलाच लावते. सिब्युट्रामिन हे वजन कमी करायचं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून मागे घेतलं गेलं, २०११ मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली, आणि तरीही 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या उत्पादनांत ते लपवून घातलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. बाईंकडे तसलं काही निघालं नाही.

आहाराचं काम सासूबाईंशिवाय होणार नव्हतं. स्वयंपाकघर त्यांचं. एका शनिवारी मी त्यांनाही बोलावलं. त्या आल्या त्या थोड्या रागात, सुनेला कुणीतरी चटणी सोडायला सांगणार या तयारीने. मी त्यांना विचारलं, तुमच्या सासूबाईंच्या काळात भाजीत कूट असायचं का? त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "कुठलं? चटणी असायची, मग भाजीत कशाला? दाणे काय फुकट होते का?" तिथेच निम्मं काम झालं. चटणी राहिली, दिवसाला एक चमचा. भाजी-उसळीतलं कूट गेलं. तेल पाच लिटरवरून सव्वातीनवर, फोडणी मोजलेल्या चमच्याने. दूध गाईचं, साय काढून. उसळीचं प्रमाण वाढवलं, जेवणात ताक आणलं, रात्रीची भाकरी दोनवरून दीडवर. बाईंच्या वाट्याची स्निग्धता ४५ ग्रॅमांच्या आसपास आली, कॅलरी चौदाशे-पंधराशे. शाळा सुटल्यावर सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने पाऊण तास चालणं.

फेब्रुवारी ते एप्रिलअखेर, बारा आठवडे, दिवसाला दोन कॅप्सूल. कपड्यांचा प्रकार पुन्हा एकदाही घडला नाही. आठ आठवड्यांनी टीएसएच २.९, थायरॉक्सिन तेच ७५. एप्रिलच्या शेवटी वजन ६९.४, कंबर ९० च्या किंचित वर. मग डॉक्टर, बाई आणि मी, तिघांनी मिळून कॅप्सूल थांबवायचं ठरवलं. चालू ठेवता आली असती. पण बाईंचं म्हणणं मला पटलं : आता ताटात तेलच एवढं कमी आहे की तिने अडवायचं काय? सप्टेंबरात वजन ६८.१ होतं, एचबीए१सी ५.६. त्यातलं किती आहारामुळे, किती थायरॉइड रुळावर आल्यामुळे आणि किती कॅप्सूलमुळे, हे वेगळं काढता येत नाही आणि मी काढायचा प्रयत्नही करत नाही. कॅप्सूलचा एक फायदा मात्र मी नाकारणार नाही. जास्त तेल खाल्लं की दुसऱ्या दिवशी त्याची पावती मिळते, या जाणिवेने बाईंचा हात तेलाच्या बरणीकडे जाताना थांबायचा. लाजेच्या भीतीने आलेली शिस्त मला आवडत नाही, पण ती त्यांनी नंतर लाजेशिवायही टिकवली.

मे महिन्यात बाई उरलेल्या बाटल्या घेऊन आल्या, नीट टाकून देण्यासाठी. आम्ही दोघींनी हिशेब मांडला. दहा आठवडे रोज तीन, बारा आठवडे रोज दोन, मिळून ३७८. म्हणजे सहापैकी पाचवी बाटली चालू असायला हवी होती आणि सहावी सीलबंद. सहावीचं सील फुटलेलं होतं आणि आत तिसाच्या आसपास कॅप्सूल होत्या.

बाई बराच वेळ बाटलीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लेक."

लेक सतरा वर्षांची, नुकतीच बारावी दिलेली. वजन अगदी योग्य, बीएमआय २१. चिठ्ठीशिवाय मिळणारी ही कॅप्सूल अठराच्या खालच्यांसाठी नाही, आणि जिचं वजन वाढलेलंच नाही तिच्यासाठी तर कधीच नाही. मी बाईंना घरी जाऊन ओरडू नका एवढीच विनंती केली, आणि त्यांनी ती पाळली. पुढच्या शुक्रवारी दोघी आल्या. मुलीने सांगितलं की मार्चपासून ती एक वेळ जेवत होती आणि जेवली की कॅप्सूल घेत होती. दोन महिने पाळी आली नव्हती. "आईचं उतरत होतं ना," ती म्हणाली. तिला मी त्या दिवशी वजनकाट्यावर उभं केलं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि एका समुपदेशकांकडे पाठवलं, आणि दर पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे येते. आई बाहेर बसते. आम्ही जेवणावर बोलतो, आकड्यांवर नाही.